वाचायचं नाही, काढायचं

प्रमिला पिंपळापुरेनं कारखान्याच्या नोकरीत एकदाच बोलणी खाल्ली, आणि तीही चहाच्या एका थेंबापायी.

गोष्ट ती नवी असतानाची. वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून. राजधानी भोपाळला आली तेव्हा कपाटं, फायली आणि पंख्यांबरोबर तेही आले, सोबत कुटुंब आलं. प्रमिलाचं अक्षर सुरेख. आयटीआयचा कोर्स करून ती कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागली. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईनं तो जसाच्या तसा उतरवायचा, हे ट्रेसरचं काम. त्याच्या निळ्या प्रती निघून शॉपमध्ये, म्हणजे यंत्रं घडतात त्या वर्कशॉपमध्ये, जात. तर प्रमिलानं एका यंत्राच्या चाकाचा नकाशा उतरवला, आणि साहेबांच्या कपातून कागदावर सांडलेला चहाचा थेंबही उतरवला. छान गोल. रेघ कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही.

सेक्शनचे मुख्य केशव बापट कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले.

"हे भोक कसलं?"

"माहीत नाही सर. मूळ कागदावर होतं."

"चहाचा डाग आहे तो! शॉपवाल्यांनी खरंच भोक पाडलं असतं म्हणजे?"

सगळं ऑफिस हसलं. बापटांनी आणखी चार वाक्यं सुनावली. पण जाता जाता ते थांबले आणि हसणाऱ्यांकडे वळले. "दात काढू नका. तिनं दिसलं ते काढलं. तुम्ही लोक काय असायला हवं ते काढता, आणि मग मला रात्रभर झोप लागत नाही." मग प्रमिलाला हळूच म्हणाले, "असंच कर बाई. वाचायचं नाही, काढायचं. शंका आली तर कडेला प्रश्नचिन्ह टाक. बस्स."

ही हकीकत कँटीनमध्ये पोचायला वेळ लागला नाही. तिथं ती ऐकली भालचंद्र पिंपळापुरेनं. तो मीटर-रिलेच्या दुरुस्तीला होता, मूळचा अमरावतीचा, तोंडानं अखंड चालू. 'चहाचा थेंब काढणारी आहे तरी कोण' हे बघायला तो काही तरी निमित्त काढून ड्रॉइंग ऑफिसात गेला. बघून आला. पुन्हा गेला. पुढल्या उन्हाळ्यात लग्न झालं.

तेव्हापासून भालचंद्र बोलतो आणि प्रमिला काढते, असा त्यांचा संसार. तो भाजी आणायला गेला की बाजारभर गोष्टी सांगून येई. ती देवापुढे रांगोळी काढी, आणि ठिपका चुकला तर पुसून टाकण्याऐवजी त्याच्याकडे बघत बसे. पुढे हुकूम आला की प्रत्येक नकाशावर नाव हिंदीतही हवं, तेव्हा वर इंग्रजी आणि खाली देवनागरी अशा दोन ओळी लिहायचं काम तिच्याकडेच आलं. तिचा हात दोन्ही लिप्यांत सारखा चाले. भालचंद्र म्हणे, "आमच्या हिला दोन जिभा द्यायच्या ऐवजी देवानं दोन लेखण्या दिल्या. जीभ एकपण नाही."

"तुमच्याकडे आहेत ना जास्तीच्या," ती म्हणे.

मुलगी अलका लग्न होऊन इंदूरला गेली आणि कारखान्यानं दिलेलं क्वार्टर एकदम मोठं वाटायला लागलं. त्याच सुमारास भालचंद्रनं मेटल डिटेक्टर बनवला. कुणा शेजारणीचं कानातलं बागेत हरवलं, तिचं रडणं त्याला पाहवेना. एवढं कारण पुरलं. प्लास्टिकच्या थाळीभोवती तांब्याच्या तारेचे वेढे घातले, जुन्या ट्रान्झिस्टरच्या खोक्यात सर्किट बसवलं, आणि दांड्याला लावली अलकाच्या पायाच्या प्लास्टरच्या वेळची कुबडी. कानाला हेडफोन. थाळी जमिनीवरून फिरवायची. खाली धातू असला की कानात 'कूंऽऽ' वाजायचं.

कानातलं काही सापडलं नाही. सापडली ती सोड्याच्या बाटलीची बुचं. बागेत बुचं, मैदानावर बुचं, देवळामागे बुचं. शेजारच्या ब्लॉकमधले मधुकर घाटाटे, महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी, त्यांनी एका संध्याकाळी भर चौकात हाक मारली, "काय ढक्कनसाहेब, आज कितीची खोदाई?" झालं. नाव चिकटलं. भाजीवाला म्हणे ढक्कनसाब, डेअरीवाला म्हणे ढक्कनसाब. भालचंद्र हसून उत्तर देई. पण घरी आल्यावर कुबडी कोपऱ्यात ठेवताना जरा जोरात ठेवी. ते प्रमिलाला ऐकू येई.

म्हणून रविवारी सकाळी तीही त्याच्याबरोबर जायला लागली. तो थाळी फिरवी, ती खुरपं चालवी.

तेव्हा भोपाळच्या कडेच्या अयोध्या नगरात घरांपेक्षा प्लॉटच्या हद्दीचे दगड जास्त होते. जेसीबीनं काळी माती उलथून ठेवलेली, बाभळी मुळांसकट आडव्या. दोघं अशाच एका ढिगाऱ्यापाशी होती.

"थांब. कूं वाजतंय," भालचंद्र म्हणाला. "गोड वाजतंय गं. बुचाचं असं नसतं."

"मागच्या रविवारीपण गोडच होतं. डालड्याचं झाकण निघालं."

"खोद बाप्पा!"

प्रमिलानं खुरप्यानं ढेकूळ फोडलं. आतून निघाली एक हिरवट-काळी चकती, जुन्या रुपयाहून थोडी लहान. भालचंद्रनं ती तिच्या हातातून जवळपास ओढलीच. उन्हात धरली. तिरपी केली. मग त्याचा चेहराच बदलला.

"प्रमिला. श्री आहे यावर."

ती शेजारी येऊन वाकली.

"हे बघ. वर श्री, किती स्पष्ट! आणि खाली... हा र. त्याला काना. रा! श्री, रा... श्री राजा शिव! अगं शिवराई आहे ही! महाराजांचं नाणं! शाळेत सरांनी दाखवली होती आम्हाला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. आणि हे खाली तीन दात दिसतात ना, तो शिवचा 'शि'!"

त्यानं चकती उलटी केली. मागची बाजू जवळजवळ सपाट. "घासलं असेल. चालायचंच. इतकी वर्षं मातीत! प्रमिला, भोपाळात शिवराई!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि डोक्यावरचे हेडफोन अजून काढलेले नव्हते.

"बघू घरी," प्रमिला म्हणाली.

घरी जाईपर्यंत त्यानं धीर धरला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण स्कूटर ब्लॉकशी थांबली आणि समोर घाटाटे, हातात दुधाची पिशवी.

"काय ढक्कनसाहेब..."

"मधुकरराव," भालचंद्रनं मूठ उघडली, "आता वेगळं काही तरी म्हणा."

घाटाटेंनी चष्मा वर केला, चकती नाकाजवळ नेली. "श्री... रा..." त्यांच्या हातातली पिशवी खाली टेकली. "अरे देवा! शिवराई?" माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिथंच, रस्त्यावर, चपला काढून नाण्याला नमस्कार केला. "भालचंद्रराव, गणपतीत मांडायची ही. काचेच्या पेटीत. मागे मोठा फोटो. उज्जैनचे नारायण शितोळे सर येताहेत उद्घाटनाला, नाण्यांतले जाणते माणूस. त्यांच्या हातून तुमचा सत्कार. शाल-श्रीफळ. पक्कं!"

'भालचंद्रराव' हा शब्द त्या चौकात पुष्कळ दिवसांनी ऐकू आला होता.

वर आल्या आल्या तो स्वयंपाकघरात शिरला. "चिंच कुठंय? थोडं मीठ दे. देवाच्या तांब्यासारखी लख्ख करतो."

प्रमिलानं आयुष्यात कधी त्याच्या हातून वस्तू हिसकावली नव्हती. त्या दिवशी हिसकावली.

"अहो! मूळ कागदावर कोणी रबर चालवतं का?"

"मूळ कागद?"

"चिंचेनं वरचं निघेल, त्याबरोबर काय काय जाईल कुणास ठाऊक. आधी काढून घेऊ द्या मला."

मंडळाच्या मांडणीसाठी पिपलानी बाजारातल्या फोटो स्टुडिओत नाण्याचा फोटो काढून घेतला होता, वहीच्या पानाएवढा. घाटाटेंनी त्याची एक प्रत फ्रेम करायला टाकली, दुसरी प्रमिलाकडे आली. पण तिला ती पुरेना. ती स्वतः स्टुडिओत गेली. "भैया, एक और निकालिए. बत्ती इस तरफ से." पुन्हा एक, खालून. पुन्हा एक, वरून. स्टुडिओवाला कंटाळला. "मैडम, सिक्का है, दुल्हन थोड़ी है!"

मग खिडकीशी टेबल. टेबलावर फोटो, फोटोवर ट्रेसिंगचा कागद, शेजारी प्रत्यक्ष नाणं आणि भिंग. कारखान्यात आता तिच्या सेक्शनला कॉम्प्युटर आले होते; ट्रेसर मंडळींना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं होतं. शाईची लेखणी तिनं कितीतरी महिन्यांनी हातात धरली. भालचंद्र दारातून बघत होता. पाठ ताठ, मान जराशी डावीकडे, श्वास रेघेच्या शेवटी सोडायचा. ती असं काम करताना त्याला फार आवडायची. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि इतका बोलणारा माणूस, तरी आत्ताही सांगता येईना.

"झाली का शिवराई?"

"माहीत नाही."

"अगं, तूच काढतेयस ना!"

"काढतेय. वाचत नाहीये."

ती एकेक कडा उतरवत होती. श्री म्हणून नाही, नुसती कडा म्हणून. चार फोटोंवरून चार कागद, मग चारही एकावर एक.

दोन-तीन दिवसांनी भालचंद्र ड्यूटीवरून आला तर कागद खिडकीच्या काचेला चिकटवलेला, मागून ऊन येत होतं. आणि कडेला, लाल शाईत, एक छोटं प्रश्नचिन्ह.

त्या प्रश्नचिन्हाची कीर्ती त्याला माहीत होती.

"हे कशाला?"

"या बघा." तिनं पेन्सिलीचं टोक ठेवलं. "तुमचा रा. र आणि काना. दोघांवर डोक्याची रेघ आहे, पण मधे तुटलेली. आपण लिहितो तेव्हा ती सलग असते."

"झिजली असेल."

"असेल. मग हे बघा. र च्या डावीकडे एक उभा दांडा. फोटोवाल्याच्या पहिल्या उजेडात दिसतच नव्हता. श्रीचं खालचं टोक त्याच्यावर येऊन बसलंय, त्यात तो चेपला. पण आहे. र ला डावीकडे असा दांडा कुठं असतो?"

भालचंद्रनं भिंग उचललं.

"आणि कान्याच्या उजवीकडे तीन आडव्या बारीक रेघा. एकाखाली एक. शिडीच्या पायऱ्यांसारख्या. देवनागरीत असं अक्षर मला तरी येत नाही." ती थांबली. मग म्हणाली, "मी काढताना वाचलं नाही. पण आता वाचलं. दांडा धरला तर र चा होतो R. काना म्हणजे T. आणि शिडी म्हणजे E. R, T, E. पुढे पुन्हा एक R चं शेपूट. मागे A चा एक पाय. हा शब्द तुम्ही रोज वाचता. आपल्या दारावर आहे."

भालचंद्रनं नकळत मान वळवली. उघड्या दाराला बाहेरून ठोकलेली पत्र्याची पाटी, कारखान्याच्या इस्टेट ऑफिसची. QUARTER NO., आणि पुढे त्यांचा नंबर.

"क्वार्टर?" तो म्हणाला. "नाण्यावर क्वार्टर?"

"पाव. पाव आणा असेल. कंपनी सरकारचा."

त्यानं पाटीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग एकदम भडकला.

"तुला गरज काय होती गं? कोणी सांगितलं होतं? चौकातला माणूस चपला काढून नमस्कार करतो मला—"

"तुम्हाला नाही. नाण्याला."

हे तिनं सहज म्हटलं, टोमणा म्हणून नव्हे. म्हणून जास्त लागलं. भालचंद्र त्या दिवशी जेवताना बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पिंपळापुऱ्यांच्या क्वार्टरमधून आवाज येत नाही म्हणून खालच्या मजल्यावरची रत्नप्रभा देवपुजारी विचारायला आली, "काकू, सब ठीक? काका आजारी आहेत का?"

तिसऱ्या दिवशी प्रमिलानंच विषय काढला. कपडे वाळत घालता घालता, पाठमोरी. "सत्कार तुमचा आहे. ट्रेसिंग माझं आहे. ते मी कोणाला दाखवणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

आता यावर माणसानं काय म्हणावं? ओरडली असती तर भांडता आलं असतं. भालचंद्रला कारखान्यात रिले उघडताना R दिसायला लागला, बसच्या पाटीवर R दिसायला लागला, आणि प्रत्येक R चा डावा दांडा मनातल्या मनात झाकला की र उभा राहायचा, चक्क. एकदा दिसलेलं परत न दिसण्याची सोय नव्हती.

शेवटी त्यानं मार्ग काढला. "आपण शितोळे सरांकडे जाऊ. उद्घाटनाच्या आधीच. ते जाणते आहेत. ते म्हणाले शिवराई, तर शिवराई. ते म्हणाले क्वार्टर, तर क्वार्टर." सर म्हणतील शिवराईच, अशी त्याला मनातून आशा होती, आणि ही आशा आपल्या बायकोविरुद्ध आहे हेही कळत होतं. गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला.

शितोळे सर निवृत्त शिक्षक. उज्जैनला तीन पिढ्या; मराठीत मालव्याची गोडी मिसळलेली. "या, या! बैठा ना. आधी पोहे, मग पैसा." पण पोहे राहिले बाजूला. नाणं हातात घेताच ते खुर्चीवरून उठून उजेडात गेले. भिंग लावलं. उलटं केलं, सुलटं केलं. भालचंद्रला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. ते परत येऊन बसले.

"धुतलं नाहीत हे फार चांगलं केलंत. लोक चिंच लावतात हो! आपल्या मराठी घरात तांबं काळं दिसलं की चिंच. कित्येक नाणी या चिंचेनं खाल्ली." भालचंद्रनं खाली बघितलं. "मला श्री दिसतोय. त्याखाली काही तरी आहे, पण नीट लागत नाहीये."

प्रमिलानं पिशवीतून गुंडाळी काढली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. भालचंद्रनं मान हलवली. तिनं कागद उलगडला.

सर कागदावर वाकले ते वाकलेच.

"हे कोणी काढलं?"

"हिनं," भालचंद्र म्हणाला. "ड्रॉइंग ऑफिसात आहे."

"ही शेपटी कसली काढलीत बाई? ही कडेची?"

"माहीत नाही सर. दिसली, काढली. दोन आहेत तशा."

"शेपटी नाही ती. पान आहे!" सरांनी टेबलाच्या खणातून एक नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं. गुळगुळीत, पण वाचता येईल असं: भोवती पानांची माळ, मध्ये तीन ओळींत ONE QUARTER ANNA. "कंपनीचा पाव आणा. आता तुमचा कागद यावर मनातल्या मनात ठेवा. मधली ओळ. बरोबर? क्वार्टर. आणि ही पानं. बाई, तुम्ही काढलेली पानं नसती तर मी महिनाभर डोकं खाजवत बसलो असतो. इतकं काही सपाट झालंय."

"मला पान आहे हे कळलं नव्हतं," प्रमिला म्हणाली.

"म्हणून तर बरोबर आलं!" सर मोठ्यानं हसले.

भालचंद्रनं घसा खाकरला. "म्हणजे सर... शिवराई नाही?"

"नाही हो."

"नक्की?"

सर आत गेले आणि एक वाटी घेऊन आले. तिच्यात तांब्याची नाणी. "या सगळ्या शिवराया. लाडक्या आहेत माझ्या. पण वाटीभर आहेत. तुमच्यासारखं एकही नाही."

भालचंद्रनं वाटीतलं एक नाणं उचललं, परत ठेवलं.

"मग सर, इंग्रजांनी आपल्या श्रीवर शिक्का मारला, असं?"

"बाईंना विचारा. आधी कोण आणि नंतर कोण, ते त्यांच्या रेघेत आहे."

प्रमिलानं पेन्सिल घेतली. "श्री नंतरची. तिची रेघ कुठंच तुटत नाही. जिथं दोघी एकमेकींवरून जातात तिथं R तुटतो, श्री नाही."

"शाब्बास! नवं ते सलग, जुनं ते तुटकं. म्हणजे झालं काय, की कंपनीचा पाव आणा कुठल्या तरी संस्थानी टांकसाळीत आला. त्यांनी तांबं वितळवायचा त्रास घेतला नाही. ठेवला ऐरणीवर, त्याच्याच अंगावर आपला ठसा, आणि दिला हातोडा. कंपनीच्या डोक्यावर श्री! आणि हे खाली तीन दात..."

"तो शिवचा शि..." भालचंद्र सवयीनं म्हणाला.

"त्रिशूळ आहे. म्हणजे शिव तसा आहेच हो, फक्त तुमचा नाही, देवळातला." सर पुन्हा हसले, पण मग गंभीर झाले. "कुठल्या संस्थानाचा, ते मी आज सांगणार नाही. अंदाज आहे, पण अंदाजाला नाव द्यायचं नसतं. बाई, तो कडेचा प्रश्न पुसू नका, माझ्यासाठी राहू द्या. आणि भालचंद्रराव, जमिनीतून निघालेली वस्तू आहे. परत गेलात की कलेक्टर कचेरीत लेखी कळवा. मग पुढचं."

भोपाळला हबीबगंज स्टेशनवर दोघं उतरली. फलाटावर गर्दी ओसरल्यावर भालचंद्र म्हणाला, "मधुकररावांना मी सांगतो."

"बरं."

"तू मधे पडू नकोस."

"नाही पडत."

कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन त्यानं शिक्का मारलेली प्रत खिशात घातली, आणि मंडळाच्या हॉलवर गेला. घाटाटे पेंटरच्या डोक्यावर उभे. बोर्ड तयार, भगव्या रंगात: 'भोपाळच्या मातीतली शिवराई'. भालचंद्रनं सगळं सांगितलं. R, T, E, पानं, त्रिशूळ.

घाटाटे शांतपणे ऐकून म्हणाले, "श्री आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर! कोण तुमचा दांडा बघत बसणार आहे? लोक येतील, नमस्कार करतील, खिरापत घेऊन जातील. शितोळे सर सभ्य आहेत, मी त्यांना सांगतो. भालचंद्रराव, अहो आयुष्यात एकदा असं होतं. पत्रिका छापल्यात. उद्या तुम्ही म्हणणार की नाही बुवा, क्वार्टर निघालं! लोक काय म्हणतील माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"काय म्हणतील?"

"तुम्हीच तर नाव ठेवलंत, मधुकरराव."

घाटाटे वरमले. पेंटर ब्रश धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

"आमच्या हिनं खिडकीशी बसून एकेक रेघ काढली," भालचंद्र म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "ती गप्प बसायला तयार होती. माझ्यासाठी. तीस वर्षांत तिनं न दिसलेली रेघ कधी काढली नाही, आणि दिसलेली कधी सोडली नाही. मी तिला ही एक सोडायला लावू? पेटीत नाणं ठेवायचं तर तिचा कागद शेजारी लागेल. नाही तर मी नाणं देत नाही."

"आणि हा बोर्ड?"

"त्याचं तुम्ही बघा."

गणपतीतल्या त्या संध्याकाळी हॉल भरला होता. शितोळे सरांनी थोडक्यात सांगितलं. मग भालचंद्र उठला. एरवी माइक मिळाला की न सोडणारा माणूस, त्या दिवशी चारच वाक्यं बोलला: शिवराई म्हणून मीच ओरडलो, ही शिवराई नाही, काय आहे ते माझ्या बायकोनं शोधलं, कागद समोर लावलाय, येऊन बघा. मागून कोणी तरी ओरडलंच, "म्हणजे ढक्कनच ना?" हशा झाला. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे उठून गेले. भालचंद्रचे कान तापले, पण तो खाली उतरून पेटीशी जाऊन उभा राहिला. जागा सोडली नाही.

पहिल्यांदा बायका आल्या. मग त्यांचे नवरे. मग रांगच लागली. पारदर्शक बटर पेपरवर एक श्री वेगळी काढून आणलेली, एक QUARTER वेगळं. प्रमिला दोन्ही एकावर एक सरकवी आणि र तयार होई, काना तयार होई, आणि बघणाऱ्याच्या तोंडून 'हाऽऽ' निघे. ती इतकी बोलताना वसाहतीत कोणी ऐकली नव्हती. "नाही काकू, डावीकडे बघा. हो, तोच दांडा." घाटाटे स्वतः रांगेत उभे राहून आले, बघितलं, पुन्हा मागे जाऊन उभे राहिले.

सगळ्यात शेवटी उषाताई वैरागडे. वय झालेलं, कमरेत वाकलेल्या, चष्मा जाड. कितीदा तरी कागद सरकवून झाला.

"नाही बाई. मला अजून रा च दिसतंय."

"दिसू द्या की," प्रमिला म्हणाली. "ढिगाऱ्यापाशी ह्यांच्या आधी मीच वाचलं होतं ते. श्री राजा. अंगावर काटा आला होता माझ्या."

भालचंद्र शेजारीच होता. त्यानं वळून पाहिलं.

"तू वाचलं होतंस?"

"हो."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? तुम्ही बोलत होता की." तिनं कागद नीट जुळवून पुन्हा काचेवर ठेवला. "इतकं मनासारखं निघालं, म्हणून तर काढून बघायला घेतलं."